अर्ध्यावर तुटलेल्या गोष्टीचे सुतक

(द्वितीय वर्ष बी. ए.)

आमच्या गावात श्रावण लागला की मारुतीच्या देवळात पोथी लागते. वाचणारे एक, ऐकणारे वीस-पंचवीस. एकदा पोथी लावली की ती पुरी झाल्याशिवाय बांधून ठेवायची नाही, असा दंडक आहे. वाचणारे आजारी पडले तर दुसरे कोणी पुढे बसते. पाऊस कोसळत असला तरी चार माणसे घोंगडी पांघरून येतात. समाप्तीच्या दिवशी प्रसाद वाटला गेल्यावरच मंडळी घरी जातात. लहानपणी मला हा निव्वळ श्रद्धेचा भाग वाटे. आता वाटते, त्या दंडकात ऐकणाऱ्याचाही विचार असावा. ज्याने गोष्ट सुरू केली, त्याच्यावर ती शेवटास नेण्याचे ऋण चढते. ऐकणारा रोज येऊन बसतो तो त्याच भरवशावर.

दूरचित्रवाणी मालिकांच्या जगात हे ऋण सर्रास बुडविले जाते. मालिका रंगात आलेली असते, पात्रे घरच्यासारखी झालेली असतात आणि एके दिवशी सारेच दिसेनासे होते. मागे उरलेले प्रेक्षक हळहळतात, रागावतात, पत्रे लिहितात, वर्षानुवर्षे त्या पात्रांची आठवण काढीत राहतात. शहाणी माणसे त्यांना हसतात. "मालिकेसाठी कसले डोळे पुसता?" असे विचारतात. हा शोक खरोखरच हसण्यावारी नेण्याजोगा आहे काय, हे प्रस्तुत लेखात तपासून पाहावयाचे आहे. उदाहरणे मुख्यतः अमेरिकेतील घेतली आहेत, कारण या शोकाची नोंद तेथे सविस्तर झालेली आहे. शेवटी मात्र आपल्याच देशातील एका प्रसंगाकडे वळावे लागेल.

संपणे आणि तुटणे

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. प्रत्येक गोष्ट केव्हातरी संपते आणि चांगली गोष्ट संपली की वाईट वाटतेच. पण ते वाईट वाटणे लेक सासरी जाताना रडू यावे तसे असते. डोळ्यांत पाणी असते, पण कार्य पार पडल्याचे समाधानही असते. गोष्ट तुटते तेव्हा हे समाधान नसते. मांडव घातलेला, वऱ्हाड वाटेवर, आणि मध्येच सारे थांबले, अशी ती अवस्था होय.

'ट्विन पीक्स' या मालिकेचे उदाहरण घ्या. १९९० साली अमेरिकेत ती सुरू झाली. एका मुलीच्या खुनाचा तपास करण्यासाठी एक अधिकारी एका लहानशा गावात येतो आणि हळूहळू त्या गावातच गुंतत जातो, असे तिचे कथानक. जून १९९१ मध्ये ती बंद झाली. शेवटच्या दृश्यात प्रेक्षकांना कळते, की ज्या सज्जन अधिकाऱ्यावर आपण जीव लावला तो कुठेतरी अडकून पडला आहे आणि त्याचे रूप घेऊन कुणी दुष्टच परत आला आहे. पडदा तेथेच पडला. पुढील वर्षी त्याच कथेवर एक चित्रपट निघाला, पण तो मुख्यतः खुनाच्या आधीचे सांगणारा होता. मालिका पुन्हा सुरू झाली ती थेट २०१७ साली. म्हणजे प्रेक्षकांनी त्या भल्या माणसाला सव्वीस वर्षे तसेच कोंडून ठेवलेले पाहिले. याला संपणे कोण म्हणेल?

तीन वर्षांत गुंडाळलेली पाच वर्षांची सफर

या प्रकारच्या शोकाचा सर्वांत प्रसिद्ध इतिहास 'स्टार ट्रेक' या मालिकेचा आहे. जीन रॉडनबेरी यांची ही मालिका एनबीसी या वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. 'एंटरप्राइझ' नावाचे एक अंतराळयान, त्यावर निरनिराळ्या वंशांची आणि देशांची माणसे, शिवाय अर्धा परग्रहवासी असा एक अधिकारी. हे सारे मिळून अज्ञात ताऱ्यांचा शोध घेत निघाले आहेत. यानाची सफर पाच वर्षांची आहे, हे प्रत्येक भागाच्या आरंभीच सांगितले जाई.

दुसरे वर्ष चालू असतानाच मालिका बंद होणार अशी कुणकुण लागली. तेव्हा बिजो ट्रिंबल आणि त्यांचे पती जॉन या रसिक दांपत्याने पत्रमोहीम उभी केली. त्या काळी ना संगणक घरोघरी होता, ना दूरध्वनी स्वस्त. पत्त्यांच्या याद्या जमवायच्या, त्यांवर टपाल पाठवायचे आणि मिळणाऱ्याने पुढे आणखी दहा जणांना कळवायचे, अशी ती साखळी होती. एनबीसीकडे एक लाखाहून अधिक पत्रे आली. जानेवारी १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातील एका नामांकित तंत्रविद्यापीठाचे विद्यार्थी हाती मशाली घेऊन वाहिनीच्या कचेरीवर चालून गेले. अखेर १ मार्च १९६८ रोजी भाग संपताच वाहिनीने जाहीर केले, की मालिका पुढेही चालू राहील.

प्रेक्षक जिंकले खरे, पण त्या जिंकण्यात मेख होती. तिसऱ्या वर्षी मालिकेला शुक्रवारी रात्री दहाची वेळ देण्यात आली. तिचा मुख्य प्रेक्षक तरुण वर्ग, आणि तो त्या वेळी घरात कशाला बसेल? खर्चालाही कात्री लागली. पुष्कळ रसिकांच्या मते त्या वर्षीचे भाग आधीच्यांच्या तोडीचे उतरले नाहीत. ३ जून १९६९ रोजी ७९ वा भाग दाखवून मालिका थांबली. पाच वर्षांची सफर तीन वर्षांतच गुंडाळली गेली. दीड-दोन महिन्यांनी मानव खरोखरच चंद्रावर उतरला, पण त्याचे स्वागत करायला ते कल्पनेतले यान पडद्यावर उरले नव्हते.

येथे प्रेक्षकांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. जुने भाग निरनिराळ्या शहरांतील केंद्रे पुन्हा पुन्हा दाखवू लागली आणि ज्यांनी मालिका मूळ वेळी पाहिली नव्हती अशी मुलेही त्या शोकात सामील झाली. १९७२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला रसिकांचा पहिला मोठा मेळावा भरला. काहीशे लोक येतील असा संयोजकांचा अंदाज होता. तीन हजारांहून अधिक आले. १९७६ साली अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला, रसिकांच्या पत्रांमुळे, 'एंटरप्राइझ' हे नाव द्यावे लागले. १९७९ मध्ये चित्रपट निघाला, १९८७ मध्ये नवी मालिका आली. ज्या मालिकेला पाहणारे पुरेसे नाहीत म्हणून बंद केले, तिचे पुढे एवढे गोत वाढले. मग हिशेब चुकला कोठे?

हिशेब कोणाचा?

याचे उत्तर शोधताना एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. आपण समजतो, की वाहिनी ही दुकानदार आणि आपण गिऱ्हाईक. वस्तुतः जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिनीचे गिऱ्हाईक जाहिरातदार असतो आणि त्याला विकला जाणारा माल असतो आपले लक्ष. डॅलस स्माइथ या कॅनडातील अभ्यासकाने १९७७ साली हा विचार मांडला. मालाचे वजन ज्या तराजूवर होते, तो तराजू म्हणजे प्रेक्षकसंख्येची आकडेवारी.

१९६० च्या दशकात अमेरिकेत नील्सन कंपनी सुमारे बाराशे घरांतील संचांना यंत्रे जोडून साऱ्या देशाचा कल काढीत असे. आपल्याकडे २०२० च्या सुमारास सुमारे चव्वेचाळीस हजार घरांतील यंत्रांवरून एकवीस कोटी घरांचा अंदाज बांधला जात होता. शितावरून भाताची परीक्षा करता येते, हे आपल्या आयांना ठाऊक आहे आणि संख्याशास्त्रही तेच सांगते. तेव्हा नमुना लहान आहे एवढ्यासाठी त्याला दोष देता येणार नाही. दोष निराळा आहे. शीत दाबून भात शिजला की नाही ते कळते, खाणाऱ्याला भूक किती होती ते कळत नाही. संच चालू होता एवढे यंत्राला समजते. भाजी निवडता निवडता कोणी पाहत होते, की दिवसभर त्याच अर्ध्या तासाची वाट पाहत होते, हे त्याला समजत नाही. एक लाख पत्रांना त्या तराजूत पारडेच नव्हते.

आणि हाच तराजू उलटही फिरतो. आपल्याकडील प्रेक्षकांना मालिका तुटण्यापेक्षा लांबण्याचा अनुभव अधिक. कथा केव्हाच संपलेली असते, पण आकडे बरे आहेत म्हणून नायिकेला आणखी एक सवत आणली जाते आणि मेलेली माणसे परत येतात. तोडणे आणि ताणणे ही एकाच हिशेबाची दोन रूपे आहेत. दोन्हींत शेवट ठरविताना गोष्टीला काय हवे, हे कोणी विचारीत नाही.

परत मिळालेल्या गोष्टीचे काय?

अमेरिकेतील आणखी दोन मालिका या संदर्भात बोलक्या आहेत. पहिली 'फायरफ्लाय'. जॉस व्हेडन यांची ही मालिका २० सप्टेंबर २००२ रोजी फॉक्स वाहिनीवर आली. पाचशे वर्षांनंतरचे जग, यादवी युद्धात हरलेल्या पक्षाचा एक कप्तान, त्याचे जुनाट मालवाहू यान आणि त्यावरची नऊ माणसे. वाहिनीने भाग मूळ क्रमाने दाखविले नाहीत. पात्रांची ओळख करून देणारा पहिला भाग तर सर्वांत शेवटी, २० डिसेंबरला, मालिका बंद करण्याचे ठरल्यानंतर दाखविला. चौदा भाग तयार होते, त्यांतील अकराच तेव्हा प्रक्षेपित झाले. प्रेक्षकांनी वर्गणी काढून एका व्यवसाय-वृत्तपत्रात जाहिरात देऊन मालिका वाचविण्याचा प्रयत्न केला, पण उपयोग झाला नाही. पुढे २००३ मध्ये सर्व भागांच्या तबकड्या निघाल्या आणि त्या इतक्या खपल्या की २००५ मध्ये 'सेरेनिटी' नावाचा चित्रपट काढण्यास दुसऱ्या कंपनीला धीर आला.

चित्रपटाने कथेचे मुख्य कोडे सोडविले, परंतु त्यात त्या नऊ जणांपैकी दोघे मरण पावतात. ज्यांनी तीन वर्षे वाट पाहिली त्यांना समाधान आणि सुतक एकाच वेळी मिळाले. तरीही त्यांनी तक्रार केली ती मरणाबद्दल. गोष्ट अपुरी राहिल्याबद्दलची तक्रार कमी झाली. २००६ पासून हेच रसिक दरवर्षी त्या चित्रपटाचे खेळ लावून स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या 'इक्वॅलिटी नाऊ' या संस्थेसाठी निधी जमवीत आले. शोकाचे असे सत्कार्यही होऊ शकते. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावे शाळेला फळा देतात, त्यातलाच हा प्रकार.

दुसरी मालिका 'जेरिको'. अमेरिकेतील शहरांवर अणुबाँब पडल्यानंतर कॅन्सस राज्यातील एक छोटे गाव कसे तग धरते, हा तिचा विषय. सीबीएस वाहिनीने ती मे २००७ मध्ये बंद केली, तीही गावावर हल्ला होण्याच्या ऐन क्षणी. त्या भागात नायकाला शरण येण्यास सांगितले जाते, तेव्हा तो एकाच शब्दात नकार देतो. दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर १९४४ मध्ये, बास्तोन येथे वेढ्यात सापडलेल्या अमेरिकन सेनापतीने जर्मनांना हाच शब्द कळविला होता. त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ 'छट्' असाही होतो आणि कठीण कवचाचे फळ असाही. प्रेक्षकांनी तो धागा पकडला आणि वाहिनीच्या कचेरीवर वीस टनांहून अधिक शेंगदाणे पाठविले! वाहिनीने हात टेकले आणि आणखी सात भाग करण्याचे मान्य केले.

मला महत्त्वाचे वाटते ते यापुढचे. पुन्हा आकडे घसरण्याची भीती असल्याने या वेळी शेवटच्या भागाचे दोन शेवट चित्रित करण्यात आले, एक कथा पुढे चालू ठेवणारा आणि एक तिला विराम देणारा. मार्च २००८ मध्ये मालिका दुसऱ्यांदा बंद झाली आणि विराम देणारा शेवट दाखविण्यात आला. शेंगदाण्यांनी मालिकेला दीर्घायुष्य दिले नाही, पण शेवट दिला. माझ्या मते प्रेक्षकांची न्याय्य मागणी एवढीच असते. "चालूच ठेवा" ही मागणी मोहाची आहे, आणि 'स्टार ट्रेक'च्या तिसऱ्या वर्षाने तिचा धोका दाखविला आहे. "पुरी करा" ही मागणी हक्काची आहे.

हा शोक खरा काय?

आता मूळ आक्षेपाकडे येऊ. जी माणसे कधी नव्हतीच, त्यांच्यासाठी शोक करणे हे पोरकटपणाचे लक्षण नव्हे काय?

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघा अभ्यासकांनी १९५६ सालीच दाखवून दिले, की पडद्यावरील व्यक्तीशी प्रेक्षकाचे एक एकतर्फी नाते जुळते. तो तिला ओळखतो, ती त्याला ओळखत नाही. तरी नियमित भेटीमुळे आत्मीयता निर्माण होते. २००४ साली 'फ्रेंड्स' ही लोकप्रिय मालिका संपल्यावर केरेन एयाल आणि जोनाथन कोहेन यांनी विद्यार्थी प्रेक्षकांचा अभ्यास केला. त्यात असे आढळले, की अशा ताटातुटीचे दुःख खऱ्या मित्राच्या ताटातुटीपेक्षा सौम्य असते, पण ते असते. आणि एकाकी माणसाला ते अधिक जाणवते. म्हणजे आक्षेप घेणारे आणि शोक करणारे दोघेही थोडेथोडे बरोबर आहेत.

केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये एक उपयुक्त कल्पना मांडली. काही शोक असे असतात की समाज त्यांना शोक म्हणून मान्यताच देत नाही. त्यामुळे त्यांना ना सुतक, ना समाचाराला येणारे कोणी. डोका यांच्यासमोर अर्थात माणसांची खरी नाती होती, आणि मालिकेचे दुःख त्या पंक्तीला नेऊन बसविण्याचा माझा हेतू नाही. तरी एक साम्य दिसते. लोक हसतील म्हणून जे बोलता येत नाही, ते मनात जास्त दिवस राहते. रसिक मेळावे भरवितात, एकमेकांना पत्रे लिहितात, ते एका अर्थी समाचाराला जाणेच होय.

झाडू खाली ठेवणारे प्रेक्षक

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, हे सारे पोट भरलेल्या देशांचे चोचले आहेत. म्हणून १९८८ सालच्या प्रसंगाची आठवण देतो.

रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका दूरदर्शनवर २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात चालली. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, संचाला हार घातले जात, हे वडीलधाऱ्यांकडून आपण सर्वांनी ऐकले आहे. मालिका रामाच्या राज्याभिषेकाशी थांबणार होती. पण उत्तर भारतातील सफाई कामगारांतील पुष्कळ जण वाल्मीकी समाजाचे. ते वाल्मीकींना आपला आद्य पुरुष मानतात. उत्तरकांडात वाल्मीकी स्वतः कथेत येतात, सीतेला आश्रय देतात, लव-कुशांना वाढवितात. ते कांड वगळले की त्यांच्या लेखी कथेतून नेमके त्यांचेच घर वगळले जात होते. जालंधरच्या सफाई कामगारांनी संप पुकारला. तो उत्तरेकडील इतर शहरांत पसरला. कचऱ्याचे ढीग साचू लागले, रोगराईची भीती निर्माण झाली आणि शासनाला पुढील भागांस मान्यता द्यावी लागली. त्याच वर्षी 'उत्तर रामायण' सुरू झाले.

अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी मशाली उचलल्या, जालंधरच्या कामगारांनी झाडू खाली ठेवले. मागणी एकच होती, की गोष्ट पुरी करा. मात्र जालंधरची मागणी अधिक खोल होती. गोष्ट कोठे संपते हे जो ठरवितो, तो गोष्टीत कोणाला जागा आहे हेही ठरवीत असतो, हे त्या माणसांनी ओळखले होते. त्यांच्या हाती आकडेवारीचे यंत्र नव्हते. त्यांनी आपली मोजदाद दुसऱ्या मार्गाने करवून घेतली.

समारोप

तात्पर्य, अकाली बंद पडलेल्या मालिकेसाठी होणारा शोक हा केवळ आवडत्या करमणुकीचा हट्ट नाही. गोष्ट सांगणाऱ्याने उचललेल्या ऋणाची ती आठवण आहे. मालिका कायम चालवावी असे कोणी म्हणू नये. पैशाचा प्रश्न खोटा नाही. परंतु बंद करतेवेळी एक शेवटचा भाग, निदान अर्धा तास, गोष्टीला आणि ऐकणाऱ्यांना देणे एवढे कठीण नाही. 'जेरिको'ने ते करून दाखविले आहे.

हा विषय मी का निवडला ते सांगून लेख पुरा करतो. माझ्या आईला लिहिता-वाचता येत नाही. दिवसभर रानात राबून आल्यावर संध्याकाळची एक मालिका, एवढीच तिची कादंबरी. दोन वर्षांपूर्वी ती मालिका मध्येच बंद झाली. त्यातील लेक घर सोडून निघाली होती आणि तिची आई दारात उभी होती, एवढ्यावर गोष्ट राहिली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तिथे दुसरेच काहीतरी लागले. आईने मला विचारले, "पुढं काय झालं रं त्या पोरीचं? तू कॉलेजात जातोस, तुला ठावं असंल की."

मला ठाऊक नव्हते. आमच्या घरात आकडे मोजणारे यंत्र नाही, आणि आईला कोणाला पत्र लिहिता येत नाही. एक लाख पत्रांत तिचे पत्र कधीच असणार नव्हते. चार-आठ दिवस तिने विचारले, मग विचारणे सोडून दिले. पण परवा भाकरी थापता थापता ती सहज म्हणाली, "त्या पोरीला कुणीतरी घरात घेतलं असंल बघ." दोन वर्षे ती गोष्ट तिने मनात चालूच ठेवली होती. ज्यांनी ती सुरू केली, त्यांनी ती तिला पुरी करून द्यायला हवी होती.